अस्वलाची पांढरी गाडी आणि ओलं डांबर

एका जंगलात पांढरी गाडी फक्त एकाच अस्वलाकडे होती. ते अस्वल म्हणजे मी. हसून घ्या, मुलांनो. मग पुढचं सांगतो.

आमच्याकडे सिंहमहाराजांचा दौरा ठरला होता. म्हणून ओढ्याकाठच्या रस्त्यावर घाईघाईने डांबर पडलं. पाटीही लागली, 'रस्ता ओला आहे. दोन दिवस वाहने नेऊ नयेत.'

पाटी मी मोठ्याने वाचली. शेजारच्या वामनराव माकडांना तिचा अर्थही समजावून सांगितला. आणि त्याच संध्याकाळी गाडी त्या रस्त्यावर घातली. कारण गाडी नवी होती आणि रस्त्याच्या त्या टोकाला माझा मेहुणा राहत होता.

परत आलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांवर काळे ठिपकेच ठिपके. गाडीला देवी आल्यासारखे.

"अहो, खोबरेल लावा," आमची कुमुदिनी म्हणाली. "थोडा वेळ तसंच राहू द्या. डांबर मऊ पडलं की फडक्याने पुसा. मागे माझ्या पंजाला लागलं होतं, ते असंच निघालं."

"गाडी आहे ती, तुझा पंजा नव्हे," मी म्हणालो. "यामागे शास्त्र असतं."

शास्त्र मला ठाऊक नव्हतं. आवाज मात्र मोठा होता.

सकाळी मी उजव्या बाजूला बसलो. पाणी मारलं. साबण लावला. राखेने घासलं. ठिपके हलेनात. वामनराव कुंपणावर बसून बघत होते. कोणी बघत असलं, की मला थांबता येत नाही. मी सरळ नखं लावली.

डांबर निघालं. त्याच्याबरोबर रंगही निघाला आणि आतला पत्रा दिसू लागला.

"अरेरे!" वामनराव म्हणाले.

"मला असंच हवं होतं," मी म्हणालो आणि आत जाऊन झोपलो.

दुपारी उठून पाहतो तो गाडीची डावी बाजू लखलखीत! कुमुदिनी तेलकट फडकं धूत होती. तिने ते पिळून दोरीवर वाळत टाकलं. बोलली असती, तर निदान भांडता आलं असतं.

मग सगळं जंगल गाडी बघायला आलं. डावीकडे उभं राहून सगळे "वा, वहिनी!" म्हणत. उजवीकडे आले, की त्यांना अचानक घरची कामं आठवत.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी भिंतीला खेटून लावू लागलो, उजवी बाजू भिंतीकडे. आता चालवणाऱ्याचं दारही उजवीकडेच असतं. म्हणजे मला रोज डावीकडून सरपटत बाहेर यावं लागे. तिसऱ्या दिवशी माझं पोट गिअरच्या दांड्यापाशी अडकलं. पुढे जाता येईना, मागेही येता येईना.

बऱ्याच वेळाने कुमुदिनीने डावं दार उघडलं. "अडकलात?"

"छे! विचार करतोय."

"बरं. जेवायच्या वेळेपर्यंत होईल ना करून?" ती म्हणाली. "एकदा 'चुकलं' म्हणाला असतात, तर नीट आपल्या दाराने उतरला असतात."

मी "चुकलं" म्हणालो. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही. तिला आलं. तिने माझे दोन्ही पंजे धरले आणि मला बाहेर ओढलं.

तात्पर्य : बायकोचं वेळेवर ऐकावं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही अजून लहान आहात. खरी गोष्ट अशी, की ज्याला चूक कबूल करायची नाही, त्याने आधी पोट कमी करावं.