दिंद्रुडकर जावयांनी रंगाची बंदूक जलद केली, त्या मोहिमेची हकीकत

श्रीगजाननास नमस्कार असो आणि वाचणारांस धीर असो. केजकर अर्जुनराव यांचे थोरले जावई राजेश्री अमरसिंह दिंद्रुडकर यांनी अधिक मासी जो पराक्रम केला, तो जैसा पाहिला तैसा लिहिला. पदरचे थोडेच घातले.

मांजरसुंब्यास धाब्यामागे पेंटबॉलचे मैदान नवे वसले. हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या उडविणारी बंदूक घ्यावी, तोंडास मुखवटा बांधावा, आणि ज्यास गोळी लागली तो बाद, ऐसा तेथील दस्तूर. तेथे अमरसिंह आपली मेहुणी तेजश्री इजकडून लागोपाठ तीन आदितवार शिकस्त पावले. मग तेजश्रीने पैज जाहीर केली, की चौथ्या आदितवारी दाजी हरले तर धोंड्याच्या जेवणास पाटावर न बसता कमरेस उपरणे बांधून पंगत वाढतील. अधिक मासात जावयास पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालावेत हा मुलखाचा रिवाज. आणि त्यातच जावयाने वाढपी व्हावे, आणि ते सकल भावकीने पाहावे, या चिंतेने अमरसिंह यांची झोप उडाली. वरून मिशा पिळीत होते, परंतु मनी बहुत भ्याले होते.

मग त्यांनी नाथा मिस्तरीस पाचारिले. हा केजेत फवारणीचे पंप दुरुस्त करणारा, हुन्नरी आणि स्वतःवर फिदा. त्याने बंदूक खोलिली आणि आतला सुकला रंग खरवडला, आणि वायसरांस वंगण दिले, आणि चापाची चाल आखूड केली, आणि आत हलकी स्प्रिंग चढविली, आणि सेकंदास तीन गोळ्या टाकणारे हत्यार आता आठ टाकील ऐसी ग्वाही दिली. "जावयबापू, तुमी नुस्तं बोट लावा," म्हणाला. बंदूक ऐसी तडतडली की अमरसिंह हर्षले आणि त्यांनी नाथास फेटा बांधिला. परंतु रिकामीच तडतडविली. भरून पाहण्याची याद उभयतांस राहिली नाही.

चौथे आदितवारी अर्जुनराव पंच होऊन खुर्चीवर दाखल जाहले. तेजश्रीने पिंपांमागे मोर्चा धरिला. अमरसिंह यांनी टायरांच्या ढिगाआडून चाप ओढिला, तो चाप धावला, परंतु वरच्या डब्यातून गोळ्या आपल्या जुन्याच सवडीने उतरत होत्या. मग अर्धी उतरलेली गोळी आतच चिरडली, आणि तिजवर दुसरी, आणि खासे सरदार कोपरापर्यंत हिरवे जाहले. स्वतःच्या रंगाने बाद धरीत नाहीत, हे नशीब.

जाळीबाहेर सारजाबाई उभी होती. अर्जुनरावांचे शेतात चाळीस वर्षे पेरणीच्या तिफणीमागे चालून चाड्यात बियाण्याची मूठ सोडणारी ती बाई. तिजला राहवले नाही. "आवो पाव्हणं, निस्ते बैल पळवून काय हुतंय? दाणा बी पडाया नगं का?" ऐसे म्हणून ती मुखवटा पदरावरूनच चढवून आत शिरली, डबा काढविला, रंग पुसविला, गोळ्या ओटीत घेतल्या आणि डब्याच्या जागी उघड्या पडलेल्या भोकात मूठ सोडू लागली. तेजश्रीने हरकत घेतली. अर्जुनरावांनी फर्माविले, की दारूगोळा वाहणारास नियमांत मनाई नाही.

मग सारजाबाई चालेल तैसे सरदार चालले, उघड्या मैदानात, सरळ रेषेत. सारजाबाईस लागेल म्हणून तेजश्रीचे बोट चापावर अडले.

"मावशी, बाजूला व्हा की!"

"मी कावून हलू? पेरणीचं तास मोडंल."

इतक्यात गोळ्या एकामागे एक सुटल्या, सात पिंपावर ओळीने उमटल्या आणि आठवी तेजश्रीच्या खांद्यावर.

सांजेस पाट मांडिला, रांगोळी काढिली, आणि अमरसिंह पाटापाशी येऊन थबकले. या घरी सारजाबाई चाळीस वर्षे पंगत उठल्यावरच जेवत आली, आणि आजही ताट घेऊन मागील दारी बसली होती. ते पाहून त्यांस लाज वाटली. मग त्यांनी तिजला हाताला धरून आणिले आणि पाटावर बसविले. "आगं बया, मी कुठं जावय हाय?" म्हणत ती रडू लागली. अमरसिंह यांनी कमरेस उपरणे बांधिले आणि वाढावयास घेतले.

"दाजी, जिंकून बी वाढायलाच लागलं की," तेजश्री म्हणाली आणि तुपाची वाटी घेऊन त्यांचे मागे निघाली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सारजाबाईने तूप दोनदा मागितले. उरला तो अर्धा धोंडा विजयी सरदारांनी स्वयंपाकघरात उभ्यानेच खादला आणि बहुत गोड लागला म्हणाले. मोर्तब.