पाइपांची जत्रा

आमच्या शेजारचे हिराजीकाका माणसांना इंचांत मोजतात. उंची नव्हे, छातीही नव्हे. पाइपाला मोजतात तसं. साजगावच्या कारखान्यात पाइप करता करता केस पिकले, त्याचा हा परिणाम असावा. त्यांच्या लेखी आमच्या कडावात अर्धा इंची, एक इंची, दोन इंची अशी माणसं राहतात. वाणी दोन इंची, "पन वाकवशील तसा वाकंल." गावातले एक पुढारी चक्क सहा इंची, "पन आतनं गंजलाय."

मी कॉलेजात जायला लागले, आमच्या घरातली पहिलीच. त्या दिवशी ज्याने त्याने उपदेश केला. काकांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "अर्धा इंची हायेस गं अजून. पन पत्रा जाड हाय. दाब सोसशील."

हा आशीर्वाद होता की काय, ते मला कळलं नाही. पण कर्जतच्या वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तेव्हा मला हेच वाक्य आठवायचं.

काकांच्या घरात खाटेचे पाय पाइपाचे, कपड्यांची दांडी पाइपाची, तुळशीपुढे उदबत्ती खोचायलाही पाइपाचाच तुकडा. ताराकाकी वैतागतात. "आता भाकरीलाबी मधी भोक पाडते, म्हंजे यांना गोड लागंल."

काका शांतपणे म्हणतात, "पाड. वाफ जाईल."

या मापांनी एकदा मात्र घात केला. काकांची एकुलती एक मुलगी सुमन माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सहज विचारलं, "काय हिराजी, जावई कसा काय?" काका भर मांडवात बोलून गेले, "पाऊण इंची हाय. पन चालंल."

जावई गजानन टेंपो चालवतो. तो दोन पानं पलीकडेच बसला होता. भरल्या पानावरून उठला. चार जाणत्यांनी समजूत घालून त्याला परत बसवला, पण तेव्हापासून सुमनला माहेरी पाठवणं बंद झालं. दिवाळी गेली, गावची जत्रा गेली. चौकच्या बाजूला तिचं गाव, म्हणजे काही परदेश नव्हे. पण तिकडून कुणी येईना आणि इकडून कुणी जाईना.

"जाऊन हात जोडा की," काकी म्हणायच्या.

"पाऊण हाय त्याला एक कसा म्हनू?"

मग सुमनला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीतच. सातवा महिना लागला तरी सासरहून निरोप येईना. काका कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. कुणाला माप लावणंही त्यांनी बंद केलं, तेव्हा आम्हाला काळजी वाटली.

एकदा मला म्हणाले, "जायाला निमित्त पायजे गं. जत्रंचा खाऊ आनलेल्या बापाला दारातनं कोन परत धाडत नाय."

हे खरं होतं. जत्रेला लेक आली नाही, तर बाप शेव, लाडू, बांगड्या घेऊन तिच्या घरी जातो, आणि त्या दिवशी जुनं भांडण कुणी उकरत नाही. गेल्या वर्षी काका ताठ्यात बसून राहिले होते. आता जायचं मनात होतं, तर गावची जत्रा थेट चैत्रात. तोवर बाळंतपण उरकून गेलं असतं.

अशात कारखान्यात सूचना लागली. मुंबईत पाइपांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतंय, कामगारांसाठी कंपनीची बस जाईल, घरचं एक माणूस बरोबर न्यावं.

"भोकं बघायला मुंबईला जाऊ?" काकींनी साफ नकार दिला. तेव्हा काका आमच्या ओटीवर आले. माझ्या वडलांना म्हणाले, "तुमच्या पोरीला धाडा. साहेबाशी इंग्रजी बोलंल."

इंग्रजीचा पेपर लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

बसमध्ये काकांनी पिशवी उघडली. आत नारळ आणि कुंकवाची पुडी.

"काका, अहो, हे प्रदर्शन आहे."

"देशोदेशीची मानसं येनार, माल मांडनार, गर्दी होनार. मंग जत्रा आनखी कशाला म्हनत्यात?"

आत शिरल्यावर तर मीच गोंधळले. केवढा तो मांडव! देशोदेशींचे झेंडे, झगझगीत दिवे. सुईसारख्या बारीक नळ्या, आणि वासरू सहज आत शिरेल एवढे मोठे पाइप. एका मशीनमध्ये पोलादाची सपाट पट्टी शिरत होती आणि पलीकडून गोल पाइप होऊन बाहेर येत होती. काकांनी त्या मशीनपुढे चपला काढल्या, कुंकवाचं बोट लावलं आणि नारळ फोडायला हात उचलला.

"ए बाबा, इधर नहीं फोडने का!" पहारेकरी धावला. त्याच्यामागून एक उंच गोरा साहेब आला आणि त्याने मला काहीतरी विचारलं. माझं सगळं इंग्रजी पळालं. "सर, कोकोनट. फॉर मशीन. गॉड," एवढंच मी म्हणाले.

साहेबाने दोन्ही हातांनी नारळ घेतला, कमरेत वाकून आभार मानले आणि काकांच्या हातात एक रंगीत पिशवी ठेवली. आत गोळ्या, किल्ल्यांची साखळी आणि गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक.

"बघ. नारळ दिला, परसाद मिळाला. आनि जत्रा नाय म्हनत व्हतीस!"

मग काकांनी एकही स्टॉल सोडला नाही. ते म्हणत, "लेकीला काय देताव?" मी म्हणायची, "फॉर डॉटर, प्लीज." टोप्या मिळाल्या, फुगे मिळाले. तक्रार एकच. "एवढी मोठी जत्रा, आनि एक बांगडीवाला नाय!" बांगड्या शेवटी बाहेर रस्त्यावर घेतल्या.

पुढच्याच रविवारी काका मला घेऊन सुमनच्या दारात उभे राहिले.

"जत्रंचा खाऊ आनलाय."

विहीणबाईंच्या कपाळाला आठी. "आता कुठली जत्रा?"

"मुंबईची. पाइपांची."

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला. पुस्तकाच्या पानावर एक साहेब भल्यामोठ्या पाइपाला कवटाळून हसत होता. त्याला बघून त्यांनाही हसू फुटलं. "बसा," म्हणाल्या.

गजानन अंगणात टेंपो पुसत होता. त्याने मान वर केली नाही. सुमनला न्यायचा विषय कुणी काढेना. ती बाहेर आली, बांगड्या भरल्या, आमच्याजवळ थोडी टेकली. मग हंडा घेऊन उठली. विहीर उताराच्या पार खाली होती. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर.

काका उठले. "दे हिकडं."

"बाबा, असं काय करता? सासरचा गाव हाय, लोक हसतील."

"हसू दे."

मी मागोमाग गेले. विहिरीवरच्या बाया बाजूला झाल्या. व्याह्याच्या घरचं पाणी भरणारा मुलीचा बाप त्यांनी कधी पाहिला नसावा. काकांनी हंडा भरला, खांद्यावर घेतला. चढावर त्यांना धाप लागली.

"काका, जरा टेका. घोटभर प्या."

"नाय गं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या गावचं पानी बापानं पिऊ नये."

अंगणात पोचलो तेव्हा त्यांचा सदरा भिजून गेला होता. गजानन फडकं टाकून पुढे आला. सासऱ्यांच्या खांद्यावरचा हंडा त्याने आपल्या खांद्यावर घेतला, आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन पुन्हा टेंपो पुसू लागला. पुसता पुसताच म्हणाला, "मामा, बुधवारी टेंपो कडावला येतोय. गादी घालून तिला आनून सोडतो. हळू चालवीन."

"बरं," काका म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर गाव बरंच मागे पडलं, तेव्हा ते एका हॉटेलात शिरले. पाण्याचा तांब्या मागितला आणि तसाच तोंडाला लावला. उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि टॉवेलने चेहरा पुसत राहिले. पुसणं काही संपेना. मी एसटी येते का ते बघत उभी राहिले.