नानांच्या घरी बेदाणा बंद

गेल्या महिन्यात शेजारच्या नानांनी मला त्यांच्या दारातच अडवलं आणि पर्स उघडून दाखवायला सांगितली. "आत बेदाणा न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. मी इतकी हबकले की मुकाट्याने पर्स उघडली.

हबकले, कारण नाना म्हणजे तासगावातले बेदाण्याचे जुने अडते. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा घरात पाऊल टाकायच्या आधी या माणसाने माझ्या हातात बेदाणा कोंबला होता. तेव्हापासून हे चालूच आहे. मुलगा पास झाला, घ्या बेदाणा. नापास झाला, घ्या बेदाणा. आमच्या ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्स पाणीसुद्धा देत नव्हती, आणि नाना पलंगाच्या दुसऱ्या बाजूने मूठ पुढे करत होते. कुणाच्या मयतीला गेले तरी खिसा भरलेला. "दोन दाणं टाका तोंडात, जीव थाऱ्यावर येतो," हे त्यांचं सगळ्या संकटांवरचं औषध.

माणसंसुद्धा ते बेदाण्यासारखीच पारखायचे. जावयाबद्दल त्यांचं मत, "दाणा मोठा, पन गोडी न्हाई." गल्लीत भांडणं लावणाऱ्या एका बाईंबद्दल, "काड्या लय हायत, निवडून घ्यावं लागंल." माझ्याबद्दल काय मत आहे, ते विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

तर अशा माणसाने स्वतःच्या घरात बेदाणा बंद केला. का, तर मांजराचं पिल्लू येणार आहे. हे ऐकून मी पायरीवरच बसले. मांजर हा नानांचा जुना वैरी. मालात एक केस निघाला की सौद्यात भाव पडतो, म्हणून गल्लीतल्या मांजरींना त्यांनी इतकं पळवलंय की त्यांच्या नुसत्या खोकल्याने त्या भिंतीवर चढतात. आणि आता हाच माणूस पिल्लाची सोय काय करायची, हे विचारायला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आला होता.

तिथल्या डॉक्टरांकडे सगळ्या म्हशीच येतात. तरी त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि जाताजाता म्हणाले की मांजराला द्राक्षं आणि बेदाणा देऊ नका, बाधतो. नानांना ते तीनदा सांगावं लागलं. या जगात बेदाणा न चालणारा जीव आहे, हा धक्का ते दोन दिवस पचवत होते. मग उठले आणि घर झाडायला लागले. डबे गेले, नमुन्याच्या पिशव्या गेल्या, कोटाचे खिसे उलटे करून धुतले गेले. कपाटामागून निघालेला बेदाणा बघून तर या घरात एवढी वर्षं माणसं फिरत तरी कशी होती, असं मला वाटलं.

पुढे रोज नवा धक्का. बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी आणून नानांनी खिडक्या, गॅलरी, जिना, सगळं बांधून काढलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत माल वाळत घातलाय. एका प्लास्टिकच्या क्रेटात वाळू आली, ती पिल्लाची मोरी. सुया, दोरे, उंदराचं औषध, सगळं माझ्या घरी रवाना झालं. माझ्या घरात उंदराचं औषध चालतं, याचं मला जरा वाईट वाटलं.

मग एका दुपारी नानांच्या बायकोने, काकींनी, हाक मारली म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको धावलो, तर दिवाणाखालून नुसते नानांचे पाय दिसत होते. पिल्लू जिथे जिथे जाईल तिथे आधी आपण जाऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सत्तरी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. एक पाय ह्यांनी धरला, एक मी. काकी खुर्चीत बसून कुतूहलाने बघत होत्या. बाहेर निघाले तेव्हा मिशीला जळमटं, आणि तशातही चेहरा समाधानी. "आत एक खिळा हाय," म्हणाले, "काढाय पायजे."

मला राहवेना. नाना, या वयात हा कसला नाद, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. काकी आत जाईपर्यंत ते बोलले नाहीत. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं.

काकी विसरतात, एवढं आम्हाला माहीत होतं. रोज संध्याकाळी काय होतं, ते माहीत नव्हतं. दिवेलागणीला त्या उठतात आणि मनीला शोधायला लागतात. मनी म्हणजे म्हसवडजवळच्या त्यांच्या माहेरची मांजर, त्या परकर नेसायच्या तेव्हाची. नाना बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर खाटेखाली, फळीमागे शोधतात, जेवणं निवून जातात. एकदा तर त्या मनीला हुडकत एसटी स्टँडपर्यंत गेल्या. ओळखीच्या कंडक्टरने घरी आणून सोडलं. तेव्हापासून सांगलीची लेक म्हणतेय, पुन्हा असं झालं तर आईला मी घेऊन जाणार. "ती गेल्यावर म्या हितं काय करू गं?" नाना म्हणाले. मी पुढे होऊन मिशीवरचं जळमट तेवढं काढून दिलं.

मनी पांढरी होती, शेपटीचं टोक काळं. तसलंच पिल्लू पाटणला एकाकडे आहे असं कळलं आणि नाना एसटीने जाऊन ते घेऊन आले. संध्याकाळ होत आली होती. त्यांनी मला आधीच येऊन बसायला सांगितलं होतं. त्यांनी पिल्लाची पाटी काकींच्या पुढ्यात ठेवली आणि वरचं फडकं काढलं. ही मनी न्हवं, असं काकी म्हणाल्या तर पुढे काय, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

काकींनी पिल्लू उचललं. शेपूट धरून टोक बघितलं. मग पदरात घेऊन त्याला छातीशी धरलं. "आलीस व्हय गं," एवढंच म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात त्या नानांकडे वळल्या.

"पाव्हणं, कुठं घावली वो तुमास्नी?"

मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. मी नानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा जराही बदलला नव्हता. काकी त्यांना ओळखेनाशा झाल्याची ही पहिली वेळ नव्हती. आम्ही भिंतीला भिंत लागून राहतो, आणि मला पत्ता नव्हता.

"पाटणच्या बाजूला घावली," नाना म्हणाले.

"लय उपकार झालं. बसा, च्या घिऊनच जावा." पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत काकी बोलत होत्या. "आमचं मालक येत्याल एवढ्यात. त्येंचं गुडघं दुखत्यात, तरी रोज माझ्यासंगं खाटंखाली वाकून हुडकत्यात बिचारं. त्येंला आधी दावते."

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले आणि ओट्याशी उभं राहून रडले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाकून बघितलं, तर पाहुणा बसतो तसे नाना खुर्चीच्या कडेला टेकले होते.

"मग थांबतो की," ते म्हणाले. "मालकास्नी भेटूनच जातो."