दिनूकाका आणि चोरीचे शब्द

इथे हिंदी मुलखातल्या आमच्या दूधविनायक गल्लीत कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निसटला, की दिनूकाका त्याचं कोपर धरतात. ‘हा शब्द कुठला? बाप कोण याचा?’

काका इंग्रजीचे निवृत्त मास्तर. जन्मभर ती भाषा शिकवली आणि आता तिच्यावरच खवळलेले. ‘चोरांची भाषा!’ हे त्यांचं पालुपद. ‘लूट हा शब्दसुद्धा लुटून नेला लेकाच्यांनी!’

एकदा सकाळीच पेपर नाचवत माझ्या दारात उभे. कुठल्याशा फुटबॉल संघाला ‘जगरनॉट’ म्हटलं होतं. ‘म्हणजे सगळं चिरडत जाणारं धूड! अरे, हा आपला पुरीचा जगन्नाथ! देवाचं नाव धुडाला? ही बेइज्जती सहन होते तुला?’

‘काका, मला बँकेत जायचंय.’

‘जा. तो शब्द इटलीचा आहे, माझी हरकत नाही.’

भोसले घाटावर तर कहर झाला. एक गोरं जोडपं नावेत बसत होतं. नवरा कौतुकानं म्हणाला, ‘छान डिंगी आहे.’ काका पायऱ्या उतरत इंग्रजीत गरजले, ‘डिंगी आमची आहे!’ ते दोघं बिचारे माफी मागत नावेतून उतरले आणि चालू लागले. नावाडी कपाळ बडवत म्हणाला, ‘मास्टरजी, हमारी सवारी भगा दी आपने!’

परवा दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. काका फोनसमोर वही उघडून बसले होते. पडद्यावर लंडनची सहा वर्षांची नात, केस ओले. ‘शाम्पू,’ ती म्हणाली.

‘चांपो,’ काका म्हणाले. ‘म्हणजे डोकं दाब. आता हा म्हण. मुंगूस.’

‘मूंगूऽऽस!’ ती खिदळली. तिच्या ओळखीचा इंग्रजी ‘मॉन्गूस’ आमच्या मराठीतून गेलाय, हे मलाही तेव्हाच कळलं. आयुष्यभर पोरांचे उच्चार ठोकून सरळ करणारे काका नुसते ‘शाब्बास’ म्हणाले.

फोन संपल्यावर मी विचारलं, ‘तिला मराठी येत नाही, तर सरळ इंग्रजीत बोला ना.’

‘बोलून पाहिलं. इंग्रजीत तोंड उघडलं की मी मास्तरच होतो रे. आजोबा होता येत नाही.’

त्यांनी ती चोरीच्या शब्दांची वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या पानावर दोनच शब्द उरले होते.

‘तिला रोज एक नवा लागतो. तुला एखादा आठवला तर सांग. माझे संपत आलेत.’