कार्मेनमातेची जीप आणि सासूबाईंचा पोटपट्टा

"स्टिअरिंग जड झालं म्हणून मेकॅनिककडे धावणारा ड्रायव्हर म्हणजे शिंक आली म्हणून ऑपरेशन करून घेणारा पेशंट!" असं आर्खेमिरोने चौकातल्या कॉफीच्या टपरीवर चारचौघांत ठणकावून सांगितलं आणि तिथेच तो फसला.

कारण स्टिअरिंग त्याचंच जड झालं होतं. सान आन्सेल्मोच्या डोंगरात कॉफीची पोती, केळीचे घड आणि त्यांच्यावर बसलेली माणसं वाहून त्याच्या जीपची हाडं केव्हाच खिळखिळी झाली होती. पण पठ्ठ्याने भंगारातल्या ट्रकचं पॉवर स्टिअरिंग काढून स्वतःच्या हातांनी तिला बसवलं होतं, आणि तेव्हापासून तो गावाला शहाणपण शिकवत होता. आता त्याच जीपला वळवायला दोन हात, दोन खांदे आणि एक गुडघा लागत होता!

मेकॅनिककडे न जाण्याचं खरं कारण असं, की गावात मेकॅनिक एकच. रुबिएल. आणि कार्मेनमातेची मूर्ती जीपमध्ये बसवून मिरवणुकीच्या पुढे राहण्याचा मान दरवर्षी या रुबिएलचाच असे. कार्मेनमाता म्हणजे ड्रायव्हर लोकांची आई. तिच्या सणाला गावातलं चाक असलेलं जे जे काही ते फुगे लावून, भोंगे वाजवत तिच्यामागून निघतं. मातेच्या पुढे कुणी गाडी काढत नाही, आणि माता जाईल तो रस्ता कुणी सोडत नाही. यंदा मोठ्या मिनतवारीने फादर लेओनिदासनी हा मान आर्खेमिरोला दिला होता. जीप रुबिएलकडे नेली असती, तर त्याने बॉनेटच्या आधी तोंड उघडलं असतं आणि मान परत त्याच्याच घरी गेला असता.

म्हणून सणाच्या सकाळी आर्खेमिरो परसात जीपखाली शिरला. तेल पाहिलं, भरपूर होतं. नळ्या पाहिल्या, कोरड्या होत्या. मग त्याची नजर स्टिअरिंगचा पंप फिरवणाऱ्या बेल्टवर पडली. "हाच तो चोर!" असं म्हणून त्याने बेल्ट सुरीने कापला आणि ओढ्यात भिरकावून दिला. नवा बेल्ट एक तर रुबिएलकडे नाहीतर शहरात मिळतो आणि सणामुळे शहरातली दुकानं बंद आहेत, हे त्याला बेल्ट वाहून गेल्यावर आठवलं!

तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेली एक वस्तू वाऱ्याने हलली. रुंद, जाड, तिपदरी रबरी कापडाची, कडेने लेस लावलेली. सासूबाईंचा, म्हणजे दोन्या ओतिलियांचा पोटपट्टा! या दोन्या, म्हणजे बाईसाहेब, पोटपट्ट्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आर्खेमिरोने मनाशी हिशेब केला. ज्याने दोन्या ओतिलियांना ताठ ठेवलं, त्याला एक पंप फिरवता येऊ नये?

तासाभरात पोटपट्टा कापून, पिळून, गाठ मारून पंपावर चढला. जीप अंगणात फिरवून पाहिली तर स्टिअरिंग हलकं वाटलं. वाटणारच! एवढा घाम गाळल्यावर कुणालाही तसं वाटतं.

"अहो, आईचा पोटपट्टा पाहिलात का?" बायको, नोहेमी, दारात उभी राहिली.

"मी? मी कशाला बघू बाईमाणसाच्या वस्तू?"

"चोर शिरलाय गावात!" आतून दोन्या ओतिलियांचा आवाज आला. "आणि चोरून चोरून मेल्याने नेलं काय!"

मग काय विचारता! अर्ध्या तासात पोलिसाने शेजारच्या दोन घरांत विचारपूस केली, आणि देवळाच्या कर्ण्यावरून फादरनी आवाहन केलं, "दोन्या ओतिलिया यांची एक खाजगी वस्तू ज्याने नेली असेल, त्याने ती गुपचूप आणून द्यावी. माता क्षमा करील." खाजगी वस्तू कोणती, यावर टपरीवर पैजा लागल्या. आर्खेमिरो जीपला फुगे बांधत होता. त्याच्या हातून तीन फुटले.

दुपारी मूर्ती जीपमध्ये चढली. मातेला नवी शाल दोन्या ओतिलियांनी दिलेली, म्हणून पुढची सीट त्यांची! पोटाला चादर गुंडाळून त्या जावयाशेजारी येऊन बसल्या.

"सापडू दे तो चोर. त्याच्याच आतड्यांचा पट्टा करते की नाही बघा!"

"सापडेल हो," आर्खेमिरो म्हणाला. आणि त्याने घाईघाईने जीप सुरू केली.

मिरवणूक निघाली. मागे रुबिएलची जीप, मग बंब, शाळेची बस, ट्रक, मोटरसायकली आणि अगदी शेवटी नगरपालिकेची कचरागाडी. भोंग्यांनी डोंगर दणाणला. चौकात उजवीकडे वळलं की देऊळ. दारात फादर तीर्थाचं पाणी घेऊन उभे होते.

चौक आला, आणि बॉनेटखालून डुकराच्या पिल्लासारखी किंकाळी आली. मागोमाग जळक्या रबराचा वास.

"वळवा की!" दोन्या ओतिलिया ओरडल्या.

"वळवतोय!"

"मग वळत का नाही? सरका!" असं म्हणून त्यांनीही चाक धरलं. जावई उजवीकडे ओढतोय, सासू स्वतःकडे ओढतेय, आणि जीप दोघांनाही न जुमानता नाकासमोर चालली! फादरच्या डोळ्यांदेखत माता देवळावरून सरळ पुढे, समोरच्या बोळात गेली.

आता माता जाईल तो रस्ता! रुबिएल बोळात शिरला. त्याच्या मागे बंब शिरला, बस शिरली, ट्रक शिरले, आणि झाडूवाल्यांनी छातीवर क्रूस काढून कचरागाडीही आत घातली. बोळाच्या टोकाला भिंत होती. भिंतीला लागून रुबिएलचं गॅरेज.

रुबिएल उतरला. सगळ्या गावासमोर त्याने बॉनेट उघडलं आणि पक्कडीने एक धुरकट, चिकट लांबोडकं बाहेर काढलं. त्याला लेस होती.

सगळ्यांनी आधी त्या लेसकडे पाहिलं, मग दोन्या ओतिलियांकडे. बाईंचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

"माझा नव्हे तो!" त्या कडाडल्या. "माझा नवा कोरा होता!" आणि दात आवळून जावयाच्या कानाशी म्हणाल्या, "तुम्ही घरी चला."

रुबिएलने पुढच्या चाकाला लाथ मारली. टायर खिरीत पडलेल्या पावासारखा दबला.

"अरे शहाण्या, टायरमध्ये हवा नाही! स्टिअरिंग जड होणार नाही तर काय? बेल्ट कुठाय तुझा?"

"ओढ्यात."

"चांगला होता रे तो! मीच नाही का विकला तुला?"

त्याने गॅरेजमधला बेल्ट चढवला, चाकात हवा भरली आणि मान डोलावली. आर्खेमिरोने चाक फिरवून पाहिलं. स्टिअरिंग लोण्यासारखं वळलं! त्याला क्षणभर रडूच आलं. आता जरा मागे घेतली, वळवली, की माता पुढे आणि आपण तिचे सारथी!

पण मागे घ्यायची कुठे? बोळ गच्च भरला होता. बाहेर पडायचा मार्ग एकच. शेवटच्या गाडीने आधी मागे सरकायचं, मग तिच्या पुढचीने.

अशा रीतीने त्या वर्षी देवळासमोर सर्वांत आधी पोचली ती नगरपालिकेची कचरागाडी. फादर बिचारे काय करणार? सणाचं तीर्थ परत नेता येत नाही. त्यांनी डोळे मिटून तिच्यावरच शिंपडलं. मागून ट्रक, बस, बंब, मग हसत हसत रुबिएल. आणि सगळं तीर्थ संपल्यावर, बँडवाले जेवायला गेल्यावर, बोळातून मातेला घेऊन आर्खेमिरो बाहेर आला. चौकातलं वळण त्याने अशा झोकात घेतलं की काय सांगावं, नुसत्या करंगळीने! बघायला फक्त सासूबाई होत्या, आणि त्या बघत होत्या ती त्याची करंगळी नव्हे, गळा.