सिद्धेश्वरच्या काठावरची आफ्रिका

एक खिळा.

मक्याचं पांढरं पीठ.

डब्यात धपाटे, धपाट्यांवर ठेचा, ठेच्यावर फडकं.

'मोंढा, हिंगोली' असं छापलेलं एक रिकामं पोतं. विमानात बसून गेलेलं!

सिंह. (हा शेवटपर्यंत आला नाही.)

आता क्रमानं. जमेल तितकं.

हिंगोलीच्या एका छोट्या चर्चमध्ये अमृतराव गुरुजींनी उभं राहून जाहीर केलं, "येत्या रविवारी उपासना संपली की कोणी घरी पळायचं न्हाई! तुमाला आफ्रिका दाखवतो! हितंच, या भिंतीवर!"

गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर आणि मंडळीचे पंच. त्यांची मुलगी पुनम आणि जावई प्रेमसिंग दोघंही शिक्षक. तीन वर्षांपूर्वी, तेव्हा कडेवर असलेल्या लेकीला घेऊन ते मलावी नावाच्या आफ्रिकेतल्या देशात, एका तळ्याकाठच्या मिशन शाळेत शिकवायला गेले होते.

चर्चच्या भिंतीवर जुन्या गोऱ्या मिशनरी साहेबांचे फोटो ओळीनं लावलेले. दाढ्या अशा, की आत चिमण्यांनी बिनधास्त घरटी करावीत! त्या ओळीकडे बघून गुरुजी म्हणायचे, "हे लोक समुद्र ओलांडून हिकडं शिकवायला आले. आता आपली पोरगी समुद्र ओलांडून तिकडं शिकवून राहिली. तिचा फोटो या ओळीत काहून नको?"

बस, तेवढंच त्यांना या जन्मात पाहिजे होतं. चौकट बनवून तयार होती. खिळा तर मंडळीला विचारायच्या आधीच ठोकून झाला होता!

आडवे आले उकंडराव. हेही पंच. मासळीचा धंदा. माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घ्यायचा नाही आणि पुरावा बघितल्याशिवाय माणूस मानायचा नाही, असा खाक्या. "लावू की फोटो," ते म्हणाले. "आधी पोरगी तिथं काय करून राहिली ते बघू तं द्या!"

म्हणून हा व्हिडिओ कॉल. पण गुरुजींना दम निघेना. आठवडाभर ते भेटेल त्याला आफ्रिका सांगत सुटले. बुधवारी सिंह शाळेच्या फाटकापर्यंत आला, शुक्रवारी वर्गात शिरला. शनिवारी तर बाकावर बसायचाच राहिला!

रविवार आला. पडदा लागला. कॉल जोडला. पडद्यावर पुनम!

"सलाम, समद्यांना!"

चर्चमधला नेहमीचा सलाम तिकडून ऐकून मंडळी हरखली. मग मंडळीनं पुनमच्या मागं बघितलं.

मागं तळं. तळ्यात होडी, होडीत जाळं ओढणारा माणूस. काठावर मका. वशिंडाचे दोन बैल. डोक्यावर हंडा घेतलेली बाई.

"मंडळी," उकंडराव हळूच म्हणाले, "हे तं आपलं सिद्धेश्वर धरण!"

"काय बोलून राहिलात!" गुरुजी ओरडले. "पुनम, शाळा दाखव, शाळा!"

"बाबा, आमी या आंब्याखालीच शिकवतो. वर्गात लेकरं मावतच न्हाईत."

"आफ्रिकेत आंबा?" उकंडराव.

"अन् लवकर बोला हं, हितं कधी लाइट जाईल नेम न्हाई."

"आफ्रिकेत लोडशेडिंग?" उकंडरावांचा आवाज आता छपराला लागला.

गुरुजी पडद्याजवळ धावले. "सिंह दाखव, पुनम! फाटकावरचा!"

"कोणता सिंह, बाबा? हितं कोंबड्या हायत. दाखवू का?"

तिनं फोन फिरवला. मक्याचं पांढरं पीठ टिपणाऱ्या कोंबड्या दिसल्या. कोंबड्यांखाली एक पोतं दिसलं. पोत्यावर ठळक अक्षरं: मोंढा, हिंगोली. आणि नेमकं तिथंच चित्र थिजलं, कॉल तुटला!

ते मोंढ्याचं, धान्यबाजारातलं पोतं आशाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, पोरीच्या सामानात हळद भरून दिलं होतं. त्या सांगतही होत्या. पण ऐकतो कोण?

"मागच्या महिन्यात सिद्धेश्वरच्या वाटेवर औंढ्याला प्रेमसिंगसारखा एक माणूस केळी घेताना दिसला मला," मंडळीतल्या रुख्मिणीबाई म्हणाल्या. झालं! पाळकसाहेब पडदा गुंडाळेपर्यंत निम्म्या मंडळीनं पुनमला सिद्धेश्वरला वसवून टाकलं होतं.

"मी दर शनिवारी तिथून मासळी आणतो," उकंडराव म्हणाले. "ते झाडबी वळखतो. चला, आत्ता दाखवतो!"

"चला!" गुरुजी कडाडले. "न्हाई सापडली तं फोटोचा खिळा तुमी तुमच्या हातानं पक्का करायचा!"

खाजा मियाची भाड्याची जीप निघाली. पुढं गुरुजी, मांडीवर रिकामी चौकट. मागं उकंडराव आणि आशाबाई.

"गुरुजी, फिकर नका करू," खाजा मिया म्हणाला. "आफ्रिका असो का सिद्धेश्वर, बराबर पोचवतो."

"अहो आशाबाई, डबा कशाचा?" उकंडरावांनी विचारलं.

"धपाटे. पुनमसाठी."

गुरुजी गर्रकन वळले. "तुझाबी इश्वास न्हाई?"

आशाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी सकाळपासून प्रार्थना करून राहिले. देवा, एवढ्या एका टायमाला उकंडराव खरा निघू दे."

गुरुजींनी चौकटीची काच उगाच रुमालानं पुसली. मग लक्षात आलं, आपणही रस्त्यावरच्या प्रत्येक बाईकडे वाकून वाकून बघतोय.

धरण आलं. झाड आलं. मका, होडी, जाळं, बैल, सगळं हजर! आफ्रिकेनं डोळे मिटून नक्कल केल्यासारखं.

"हेच ते!" उकंडराव नाचायचे बाकी होते.

गुरुजींनी पुनमला कॉल लावला. ती दिसली आणि गुरुजींच्या मागचं तळं बघून किंचाळलीच.

"बाबा! तुमी तळ्यावर? कधी उतरलात? कळवलं काहून न्हाई?"

"आं?"

"थांबा तिथंच! हलू नका! अहो, ऐकलं का, बाबा आले! आपल्या तळ्यावर आले!"

फोनमधलं चित्र हिंदकळू लागलं. आभाळ, मका, आभाळ, कोंबडी. पुनम पळत होती.

"मी झाडापाशी आले, बाबा! तुमी कुठं?"

"मीबी झाडापाशीच हाय!"

"दिसत न्हाई!"

"मलाबी तू दिसत न्हाईस!" असं म्हणून गणिताचे मास्तर चक्क झाडाला एक फेरा मारून आले. आशाबाई तर डबा छातीशी धरून काठानं "पुनम! ए पुनम!" हाका मारत चालू लागल्या.

तेवढ्यात फोनमध्ये एकच गलका उठला. पुनमच्या मागून लेकरांचा लोंढा! रविवारचे धुतलेले कपडे, टाळ्या, गाणं. बाईंचे बाबा आले म्हणून अख्खी शाळा प्रार्थनेवरून उठून पळत आली होती. सगळ्यात पुढं गुरुजींची नात. लेकरं एका सुरात ओरडली, "सलाम, बाबा!"

उकंडरावांचा हात आपोआप कपाळाला गेला. "सलाम, सलाम... गुरुजी, ही एवढी लेकरं तं सिद्धेश्वरची न्हाईत!"

"न्हाईत."

"म्हंजी खरंच आफ्रिका हाय की हो!"

फोनमधली पुनम थांबली. धापा टाकत होती. "मंग... तुमी हितं न्हाई आलात?"

"न्हाई बाई," गुरुजी म्हणाले. "सिद्धेश्वरला हाये."

"अन् आई?"

"तुला हुडकून राहिली."

मग पुनम इतकी हसली की डोळे पुसावे लागले. धपाटे शेवटी खाजा मिया आणि उकंडरावांनी संपवले. उकंडरावांनी तर जास्तच, पश्चात्ताप म्हणून!

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः हातोडी आणून खिळा पक्का केला. पण आशाबाई आडव्या आल्या. "त्या ओळीतले समदे वारलेले हायत! माझी जिती पोरगी तिथं टांगायची न्हाई!"

सध्या त्या खिळ्याला पाळकसाहेबांची छत्री असते.

फोटो लागला तो मलावीत. शाळेच्या भिंतीवर, पुनमनं कॉलमधून टिपलेले, सिद्धेश्वरच्या काठावर तोंड उघडं टाकून उभे असलेले अमृतराव गुरुजी. येणारे-जाणारे विचारतात, हे आपल्या तळ्याच्या कुठल्या बाजूला?

बाबा आले म्हणून पुनम त्या दिवशी तळ्यापर्यंत अनवाणी पळाली होती.