तिला सांगा, डावी पाहिजे

आमच्या खालच्या मजल्यावरचे भोईर काका वस्तू कानाने विकत घेतात. हो, कानाने. कढई असो, कुलूप असो, नाहीतर गाडीचा पार्ट. आधी वस्तू नाण्याने वाजवायची, डोळे मिटून ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. "माणूस थापा मारेल, बाई. माल नाही मारत. माल बोलतो!" अंबरनाथ पश्चिमेच्या भाजीबाजारात ते भोपळा वाजवतात, ते एक वेळ समजू शकते मी. पण वांगंसुद्धा कानाशी नेतात! त्यांना लांबून पाहिलं की भाजीवाली म्हणते, "आले तबलेवाले."

हे सगळं त्यांनी त्यांच्यापुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण काकांकडे एक गाडी आहे. ज्या कारखान्यात ते टर्नर होते, तिथल्या साहेबाने ती कधीकाळी विलायतेहून आणली होती. साहेब गेला, कारखाना बंद पडला आणि गाडी काकांनी ढकलत ढकलत घरी आणली. तेव्हापासून ती सोसायटीच्या आवारात, पाण्याची टाकी आणि माझी स्कूटर यांच्या मधोमध, ताडपत्री पांघरून उभी आहे. काका तिला 'बाईसाहेब' म्हणतात. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तर मला नुसतं 'बाई'.

एका रविवारी सकाळी काका वर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"बाई, विलायतेला फोन लावायचाय. मी पर्सनल शॉपर ठेवलीय."

"काय ठेवलीय?"

"पर्सनल शॉपर. म्हणजे आपण इथून सांगायचं, तिने तिकडचे बाजार धुंडाळायचे, वस्तू घ्यायची, पाठवायची. तिची फी वेगळी. जुन्या गाड्यांच्या पार्टचे तिकडे मोठाले बाजार भरतात म्हणे. इंग्रजी बोलणारं माणूस पाहिजे, म्हणून तुम्ही."

"अहो, पण रिक्षात बसलात की उल्हासनगर. तिथे काय मिळत नाही?"

काका ताठ झाले. "उल्हासनगरचा खिळासुद्धा बाईसाहेबांना लागणार नाही."

मी जीभ चावली. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, नीलिमाने, त्यांना न विचारता उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती इंग्लंडला गेली, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. काकी त्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे मध्ये पडायला घरात कोणी नव्हतं. बापलेकीचा अबोला झाला तो झालाच. जावयाबरोबर काकांनी सगळं उल्हासनगर वाळीत टाकलं. तिथलं फर्निचर नको, कपडे नकोत. पापडसुद्धा बंद केले, आणि पापड तर त्यांचा जीव की प्राण.

असो. मी चांगली साडी नेसले, चार इंग्रजी वाक्यं घोकली आणि काकांनी दिलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चेहरा उमटला.

"बाई! तुम्ही?"

नीलिमा! आठवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून चिंचा खाणारी नीलिमा. तिकडे नोकरी मिळेना म्हणून इकडच्या लोकांना हवं ते शोधून पाठवायचा धंदा तिने सुरू केला होता, आणि त्याची जाहिरात मोबाइलवर फिरत फिरत काकांपर्यंत पोचली होती. मी वळून पाहिलं. गिऱ्हाईक कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने खुर्ची सरकवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलं होतं.

"तिला सांगा, हेडलाइटभोवतीची क्रोमची रिंग पाहिजे. डावी."

"काका, तिला ऐकू येतंय."

"तुम्ही सांगा."

मग काय, सांगितलं. "नीलिमा, डावी पाहिजे."

"त्यांना सांगा बाई, कळलं," नीलिमा म्हणाली. बापाची बेटी!

त्या दिवसापासून माझे रविवार गेले. नीलिमा तिकडे थंडीवाऱ्यात कुठल्या कुठल्या मैदानांवरच्या बाजारात उभी राहून फोनपुढे रिंगा धरायची. "तिला सांगा, वाजव म्हणावं." ती नाण्याने वाजवायची. "त्यांना विचारा, ऐकू आलं का." "तिला सांगा, पुन्हा." तिकडे टणटण, इकडे माझं दूध उतू चाललेलं. "पत्रा आहे. तिला सांगा, पुढची." अहो, दोघांचे आवाज एकमेकांना स्वच्छ ऐकू येत होते, आणि मध्ये मी खुळ्यासारखी तीच वाक्यं परत म्हणत होते! एकदा वैतागून मी म्हटलं, "मी गप्प बसते, बघू काय होतं ते." दोघंही गप्प बसली. पाच मिनिटं तिच्याकडचा वारा ऐकत बसलो. शेवटी मीच हरले.

एकदा तिला शिंका आल्या, चांगल्या लागोपाठ. काका कॅलेंडरकडे बघतच म्हणाले, "तिला सांगा, क्रोमला सर्दी चालत नाही. स्वेटर घालून बाजारात जावं." पुढच्या रविवारी तिच्या अंगात स्वेटर होता. काकांनी कॅमेऱ्याच्या कडेने हळूच वाकून तो बघितला, आणि मी बघतेय हे कळल्यावर खोकले.

शेवटी एक रिंग वाजली आणि काकांचे डोळे मिटलेलेच राहिले. "हीच. अस्सल विलायती! साहेबाच्या गाडीचा आवाज आहे हा." पार्सल आलं त्या दिवशी त्यांनी रिंगेला कुंकू लावलं, सोसायटीत पेढे वाटले आणि ती बसवायला रशीदभाई मेकॅनिकला बोलावलं.

रशीदभाईने रिंग हातात घेतली, उलटी केली, आतल्या बारीकशा खुणेवर अंगठा फिरवला.

"चाचा, ये तो अपने उल्हासनगर का माल है. कॅम्प तीन में बनता है. पूरा बाहर जाता है, एक्सपोर्ट."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. सातासमुद्रापार जाऊन, विमानात बसून, कस्टमचे शिक्के खाऊन ती रिंग परत शेजारच्या गावी आली होती! काका मात्र पांढरेफटक पडले. रिंग त्यांनी चिंधीत गुंडाळून डिकीत टाकली आणि मला तिथल्या तिथे फोन लावायला लावला.

"तिला सांगा, उल्हासनगरचा माल विलायती म्हणून पाठवला. गिऱ्हाइकाला फसवलं. धंदा जमत नसेल तर बंद करावा."

"नीलिमा," मी गोड आवाजात सुरुवात केली, "काका म्हणतात, रिंग जरा वेगळी..."

"ऐकलं मी, बाई." तिचा आवाज दगडासारखा झाला होता. "त्यांना सांगा, कान त्यांचेच होते. आणि हेही सांगा की बंद केला. दुसरी शॉपर बघा म्हणावं."

फोन बंद. चूक कुणाची होती? काकांची, शंभर टक्के. मी तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणतात कसे, "माझे कान ठीक आहेत. तुमचा फोन स्वस्तातला आहे."

त्यानंतरही रविवारी ते येतच राहिले. इस्त्रीचा शर्ट, तीच खुर्ची.

"बाई, तुमच्या फोनला रेंज आहे ना?"

"आहे."

"घंटी वाजत नसेल."

"वाजते."

"मग बिघडलाय."

"फोन ठणठणीत आहे, काका! बिघडलात तुम्ही. लावा ना स्वतः!"

"मी कसा लावणार? मी गिऱ्हाईक आहे. शॉपरने करायचा असतो."

कपाळ माझं! असा संताप यायचा की खुर्चीसकट उचलून जिन्यात ठेवावं. पण माणूस खंगत चालला होता, ते दिसत होतं. ताडपत्री काढणं थांबलं. भाजीवालीने मला बाजूला घेऊन विचारलं, "तबलेवाल्यांची तब्येत बरी नाही का? परवा वांगी नुसतीच पिशवीत टाकून गेले." मी नीलिमाला चोरून दोन मेसेज केले. तिने उत्तरात नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

मग एका सकाळी खाली खडखड ऐकू आली. गॅलरीतून पाहिलं तर ताडपत्री बाजूला, आणि काका गाडीपुढे उकिडवे. मी खाली गेले. ती चिंधीतली रिंग त्यांनी स्वतः बसवली होती आणि शर्टाच्या बाहीने पुसत होते. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा झकास दिसत होता.

"बसली," काका म्हणाले. आवाज पार खाली गेलेला. "चपखल बसली, बाई. फोन लावा."

तिथेच, टाकीजवळ उभी राहून लावला. बराच वेळ घंटी गेली. नीलिमा आली, पण हसली नाही.

"बोला, बाई."

काका बॉनेटच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "तिला सांगा, रिंग बसली."

"नीलिमा, रिंग बसली गं."

"त्यांना सांगा, माझी समजूत काढायला थापा मारू नका." "उल्हासनगरचं काहीही ते दारात उभं करणार नाहीत. माहितीय मला."

"थापा?" काका लालबुंद झाले. बॉनेटला वळसा घालून ते थेट फोनपुढे येऊन ठाकले. "मी थापा मारतो? मी? अगं, ये इथं आणि बघ तुझ्या डोळ्यांनी, बसलीय की नाही ती!"

सवयीने माझं तोंड उघडलं. "नीलिमा, काका म्हणतात..." म्हणून मी थांबले. मी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पडद्यावरून ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "एकटी येऊ, बाबा, की दोघं?"

काका हेडलाइटवर उगाच नख घासत राहिले. किती वेळ! मला वाटलं, झालं, आता पुन्हा कॅलेंडर.

"एकटीला कोण बोलावतंय?" ते गुरकावले. "चार माणसांची गाडी आहे."

मी फोन त्यांच्या हातात कोंबला आणि टाकीच्या मागे गेले. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू. मागून काकांचा आवाज येत होता, तिच्यावर डाफरत होते.

"फोन जरा खाली धर. नुसतं कपाळ दिसतंय तुझं."